चौथीच्या वर्गातला संगणक आणि घरचा फोन : 'शेपूट वाचा'

डोंगरवाट | ११ जानेवारी २०२६, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतोय. सध्या अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी मिळून पट सव्वीस. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. लहान मुलांना संगणक आणि त्याबरोबरची सावधगिरी कशी शिकवावी याबद्दल बरंच साचलंय, ते लिहितो. शेवटी एक अडचण आहे, तिच्यावर तुमचं मत हवंय.

दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या एका कंपनीनं वापरून झालेले पाच लॅपटॉप दिले. दोघांच्या बॅटऱ्या संपलेल्या, लाइट गेली की ते बंद. सगळ्यांवर लिनक्स हे संगणक चालवणारं सॉफ्टवेअर टाकून घेतलं, जुन्या यंत्रावर ते हलकं चालतं. चित्रांसाठी टक्स पेंट आणि खेळांसाठी जीकॉम्प्री, दोन्ही फुकट आणि दोन्हीला इंटरनेट लागत नाही.

पण पहिले दोन महिने लॅपटॉप कपाटातच होते. त्याऐवजी आम्ही माठाचा खेळ खेळलो. एक मूल यंत्र होतं, दुसरं आज्ञा देतं. यंत्रानं स्वतःची अक्कल वापरायची नाही, जेवढं सांगितलं तेवढंच करायचं. 'माठातलं पाणी आण' म्हटलं तर यंत्र जागचं हलत नाही. मग 'सात पावलं पुढे', 'डावीकडे वळ', 'झाकण उचल', 'डावाने पाणी घे'. पहिल्या दिवशी यंत्र झालेला मुलगा एका हातात झाकण आणि दुसऱ्या हातात डाव घेऊन तसाच उभा राहिला. पेला धरायला हात उरला नाही, कारण झाकण खाली ठेव असं कुणी सांगितलंच नव्हतं. तिसरीतली एक मुलगी ओरडली, "सर, आपलीच एक ओळ राहिली!" त्या दिवसापासून चूक सापडली की आमच्या वर्गात 'झाकण राहिलं' म्हणतात.

मग ठिपक्यांची रांगोळी घेतली. पाच बाय पाच चौकोन आखायचे, दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकानं आपल्या रांगोळीतली एकेक ओळ एक-शून्यात वाचायची, भरलेला चौकोन एक, रिकामा शून्य. दुसऱ्यानं नुसतं ऐकून ती काढायची. पडद्यावरचं चित्र यंत्रात असंच आकड्यांत साठवलेलं असतं, हे समजावायला वेगळा तास लागला नाही. असे यंत्राविना खेळ न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या लोकांनी पुष्कळ तयार केले आहेत. मी त्यांचा धागा धरून आमच्या अंगणातले बनवले.

टायपिंगबद्दल माझा आग्रह आहे, तो इथे मांडतो. मी इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड शिकवतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय मोठ्या माणसांना ठीक आहे. पण ज्या पोराची बाराखडी आत्ता कुठे पक्की होतेय त्याला 'कमळ' लिहायला आधी रोमन अक्षरं आठवायला लावणं मला पटत नाही. बटणांवर कागदाच्या चिठ्ठ्या आणि वरून चिकटपट्टी लावली. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, र, क, त, च येतात, म्हणून 'कर', 'तर', 'पत' हे आमचे पहिले शब्द. जोडाक्षर करायचं तर मध्ये हलन्त दाबावा लागतो, म्हणजे अक्षराचा पाय आपल्या हातानं मोडावा लागतो. 'पुस्तक' टाइप करताना स चा पाय मोडून त लावल्यावर दोन्ही अक्षरं पडद्यावर चिकटली, तेव्हा चौथीतल्या एका पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. चार वर्षं तो हा शब्द 'पुसतक' असा लिहीत होता. त्या दिवसानंतर वहीतही बरोबर लिहितो.

आता मूळ गोष्ट.

सावधगिरीचे धडेही मी घेत होतो. पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, स्वतःचा फोटो टाकू नका. तक्ता करून भिंतीवर लावला होता. मग नोव्हेंबरात, तुळशीची लग्नं होऊन लग्नसराई सुरू झाली तेव्हा, चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांच्या व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. वडिलांना फोनवरची बारीक अक्षरं लागत नाहीत. ते पोरीला म्हणाले, "उघड बरं, कुणाचं लगीन आहे बघ." तिनं उघडलं. फोननं विचारलं, हे बसवू का? हो. मेसेज वाचायची परवानगी देऊ का? हो. पत्रिका काही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी भात विकून खात्यात आलेले अकरा हजार गेले.

त्या फाइलमध्ये पत्रिका नव्हतीच, ॲप होतं. ते फोनवर येणारे मेसेज, त्यात बँकेचा ओटीपीही, परस्पर दुसरीकडे पाठवतं, आणि त्याच फोनवरून पुढच्या लोकांना तीच पत्रिका जाते. ओळखीच्या नंबरावरून आली होती ती अशी.

ती मुलगी त्यानंतर दोन दिवस शाळेत येऊन गप्प बसली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंजवळ रडली. वडील तिला एका शब्दानं बोलले नव्हते. त्यांना मुळात माहीतच नव्हतं की पैसे पत्रिकेमुळे गेले. तिला माहीत होतं, आणि भीतीनं तिनं सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मी भिंतीवरचा तक्ता डोळ्यांसमोर आणला. त्यातली एकही ओळ तिच्या उपयोगाची नव्हती. तिच्याकडे फोन नाही, खातं नाही, पासवर्ड नाही. पण घराचा फोन तिच्या हातात आहे, कारण त्या घरात भराभर वाचता येणारी तीच एक आहे. आमची नऊ वर्षांची मुलं घराचे डोळे आहेत. मी त्यांना स्वतःला सांभाळायला शिकवत होतो. घर सांभाळायचं काम त्यांच्यावर येऊन पडलंय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तक्ता काढला. आता तीनच गोष्टी शिकवतो. एक, उघडायच्या आधी फाइलचं शेपूट वाचायचं. दोन, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. तीन, काही विचित्र घडलं तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं.

पहिल्या दोन गोष्टी पोरांनी आठवड्यात उचलल्या. तिसरी गोष्ट माझ्या हातात नाही. ऐकून घेणारं मोठं माणूस रागावलं, फोन हिसकावून घेतला, तर ते मूल पुन्हा कधी सांगणार नाही. म्हणजे धडा पालकांना द्यायला हवा, आणि पालकसभेला आमच्याकडे चार-पाच माणसं येतात. १० फेब्रुवारीला सुरक्षित इंटरनेट दिन आहे. त्याआधी काही करता येईल का? सुचवा.

---

निळी_शाई | ११ जानेवारी, रात्री १०.०५

सर, धागा वाचून पोटात कालवलं. त्या मुलीला आता कसं वाटतंय? आणि शेपूट प्रकरण जरा सविस्तर सांगा, आमच्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेत मांडते.

---

डोंगरवाट | ११ जानेवारी, रात्री १०.४०

बरी आहे, ताई. तिसऱ्या दिवशी तक्रार केली. पैसे परत आले नाहीत. पण आता वर्गात शेपूट वाचायला सगळ्यात आधी तिचाच हात वर असतो.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या चाळीस पट्ट्या केल्या. प्रत्येकीवर एका फाइलचं नाव मोठ्या अक्षरांत. नावाच्या शेवटी टिंब आणि टिंबानंतरची तीन-चार अक्षरं म्हणजे शेपूट. जेपीजी असेल तर फोटो, एमपीफोर असेल तर व्हिडिओ, पीडीएफ असेल तर कागद. आणि एपीके असेल तर फोनमध्ये बसणारं ॲप, म्हणजे तो पाहुणा नाही, तो घरात राहायला आलाय. मुलांनी पट्ट्या चार टोपल्यांत वाटायच्या. नाव मुद्दाम फसवं ठेवतो, कुठे लग्नपत्रिका, कुठे पीएम किसान, कुठे लाइट बिल. तिसरीतल्या पोरांना इंग्रजी अक्षरांची ओळख असते, ए, पी आणि के वाचायला तेवढं पुरतं. पंधरा दिवसांत नाव न वाचता थेट शेवटाकडे नजर टाकायची सवय लागली.

---

साधा_विचार | १२ जानेवारी, सकाळी ७.१५

सर, तुमची तळमळ पोचली, पण माझं मत वेगळं आहे. प्राथमिकला संगणक नकोच. २०२४ च्या असर या शिक्षण सर्वेक्षणाच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या जेमतेम २७ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. वाचन-गणिताचा पाया कच्चा असताना दोन शिक्षकांच्या शाळेत तास टायपिंगला द्यायचा? नवीन शैक्षणिक धोरणसुद्धा कोडिंग सहावीपासून म्हणतं. माझी मुलगी तिसरीत आहे. घरी आम्ही फोन देत नाही, आणि शाळेनंही पडदा दाखवू नये असं मला मनापासून वाटतं.

---

डोंगरवाट | १२ जानेवारी, दुपारी १.५०

तुमच्या मुद्द्याचा मला आदर आहे, आणि वाचनाबद्दल तर शंभर टक्के सहमत. म्हणूनच आमचा लॅपटॉपचा वेळ आठवड्यातून एकदाच, आनंददायी शनिवारी, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं. बाकी सगळं पुठ्ठ्यावर आणि अंगणात.

पण पट्ट्यांचा खेळ हा वाचनाचाच तास आहे. शब्द शेवटापर्यंत वाचायचा, घाईनं अंदाज बांधायचा नाही. तिसरीला वाचनात नेमकं हेच तर शिकवतो. जी मुलं 'बदक' पाहून 'बटाटा' म्हणायची, तीच फोनवर पहिला शब्द पाहून बोट दाबतात.

आणि फोन न देण्याचा मार्ग तुमच्या घरी आहे. तुम्ही दोघं वाचणारे आहात. आमच्याकडे आजी मुलालाच म्हणते, "बाबा, हा मेसेज काय म्हणतोय?" यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या २०२३-२४ च्या आकड्यांत देशातल्या ५७ टक्के शाळांत चालू संगणक होता. उरलेल्या शाळांतल्या मुलांच्या घरीही फोन पोचलेला आहेच. शाळेनं पडदा दाखवला नाही म्हणून मूल पडद्यापासून लांब राहत नाही, फक्त शिकवणारं कुणी नसतं.

---

खाकी_निवृत्त | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

पोलीस खात्यातून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं सायबरच्या कामात होतो. सर, 'त्याच दिवशी सांगायचं' हे तुमचं तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं. फसवणारा पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवत असतो. मध्येच कुठल्या तरी खात्यात ते गोठवता आले तर परत मिळायची आशा. दोन दिवसांनी बहुतेक वेळा काढून घेतलेले असतात.

तेव्हा १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर पोरांना पाढ्यासारखा पाठ असू द्या. ते जमेल. पण नंबर लावण्याआधीची कामं कुणी सांगत नाही, ती सांगतो. बाधित फोन लगेच फ्लाइट मोडवर टाकायचा, म्हणजे मेसेज बाहेर जायचे थांबतात. फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावायचा. बँकेचा मेसेज पुसायचा नाही, त्यात व्यवहाराचा क्रमांक असतो, तो विचारतात. घाबरून ॲप, चॅट सगळं उडवून टाकणारे खूप पाहिले, मग तपासाला काही उरत नाही. आधी दुसऱ्या फोननं पडद्याचे फोटो काढा, मग साफ करा. आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला 'अनोळखी ॲप बसवण्याची' परवानगी असते, ती बंद ठेवा. एवढं केलं तरी एपीके आपोआप बसत नाही.

दुसरं, आणि हे शिक्षकांसाठी कळकळीनं. कुठल्याही मुलाचा नको तसा फोटो किंवा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला, तर 'बघा काय चाललंय' म्हणून किंवा पुरावा म्हणून पुढच्या माणसाला पाठवू नका. अगदी मुख्याध्यापकांनाही नाही. असं साहित्य पाठवणं आणि साठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, पोक्सो या मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालीही आहे. चांगल्या हेतूनं शाळेच्या ग्रुपवर टाकणारी माणसं अडचणीत येतात आणि त्या मुलाचं नुकसान दहापट होतं. थेट पोलिसांकडे जा, किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. मुलावर अत्याचार झालाय असं कळलं तर कळवणं पोक्सोच्या १९ व्या कलमानुसार बंधनकारक आहे. 'घरातलं प्रकरण आहे, मिटवून टाकू' असं म्हणायचा अधिकार शाळेला नाही.

---

निळी_शाई | १२ जानेवारी, संध्याकाळी ७.००

काका, हा प्रतिसाद छापून शिक्षक-खोलीत लावते. पाठवू नका हे आम्हाला प्रशिक्षणातही इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

---

थेम्सकाठ | १३ जानेवारी, पहाटे २.४५

मी नऊ वर्षं इंग्लंडमध्ये आहे, दोन्ही मुलं इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत. इथे २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांपासून कम्प्युटिंग हा विषय आहे. त्याआधीचा विषय म्हणजे वर्ड-एक्सेल वापरायला शिकवणं, तो बदलून आज्ञांची साखळी कशी रचायची आणि चूक कशी शोधायची यावर भर आला. तुमचा माठाचा खेळ माझ्या धाकटीनं जॅम-सँडविच घेऊन खेळला होता. बाईंनी 'जॅम ब्रेडवर ठेव' ही आज्ञा ऐकून बरणीच ब्रेडवर ठेवली होती.

पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमातच एक ओळ आहे की खासगी माहिती जपावी, आणि इंटरनेटवर काही बघून काळजी वाटली तर मदतीला कुठे जायचं हे मुलाला माहीत असावं. त्यासाठी शाळेत एक कृती घोटून घेतात, आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव घेतात तशी. नको ते दिसलं की पडदा मिटायचा आणि मोठ्या माणसाकडे जायचं. बटणं शोधत बसायचं नाही, बंद करायच्या नादात भलतंच दाबलं जातं. लॅपटॉप असेल तर झाकण खाली, टॅब असेल तर पालथा.

मोठा सहा वर्षांचा असताना असाच टॅब पालथा करून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आई, काहीतरी आलं, मी बघितलं नाही." मी तेव्हा कामात होते, चिडचिड झाली होती, पण त्याच्या बाईंनी पालकांना सांगितलेलं आठवलं : पहिलं वाक्य 'सांगितलंस ते छान केलंस' एवढंच असू द्या, बाकीचं नंतर. ते वाक्य म्हटलं. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि अजून सांगतो.

---

आमराई | १३ जानेवारी, सकाळी ११.१०

मी नाशिकची, दोन मुलांची आई. सर, तुम्ही मुलांना स्वतःचा फोटो टाकू नका शिकवत होतात, आणि माझ्या मुलाच्या आधीच्या शाळेत दर कार्यक्रमानंतर वर्गाचे फोटो नावासकट, इयत्तेसकट फेसबुकवर जात. गॅदरिंगला नाचाच्या पोशाखातल्या मुलींचे सुद्धा. मी हरकत घेतली तर उत्तर आलं की सगळे पालक खूश आहेत, तुम्हालाच का त्रास? शेवटी मुलाची शाळा बदलली. कारणं इतरही होती, पण हे एक होतंच.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी असं म्हटलंय. कायदा राहू द्या. आपण मुलाला एक सांगतो आणि त्याच्याच फोटोबाबत उलट वागतो, हे मुलाला दिसत असतं. माझ्या मुलानं विचारलं होतं, "मला न विचारता माझा फोटो सरांनी टाकला तर चालतो का?" उत्तर देता आलं नाही.

---

डोंगरवाट | १३ जानेवारी, रात्री ९.३०

आमराई ताई, तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. मीही तेच करतो. प्रत्येक उपक्रमाचे फोटो पाठवा अशी सूचना येते, आम्ही पाठवतो, तेच गावच्या ग्रुपवर जातात. आज बाईंशी बोललो. फोटो हातांचे, वहीचे, रांगोळीचे किंवा पाठमोरे घ्यायचे, खाली नावं नाहीत, आणि घेण्याआधी मुलांना विचारायचं असं ठरवलं. आजच परिपाठानंतर विचारलं. सव्वीसपैकी तिघांनी मान हलवून नाही म्हटलं. तीन मुलांना नको होतं आणि आजवर आम्हाला ठाऊक नव्हतं.

थेम्सकाठ ताई, 'सांगितलंस ते छान केलंस' हे वाक्य मी घेतो.

---

खडू_आणि_टॅब | १४ जानेवारी, रात्री ८.००

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. मी ठाण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. आमच्याकडे चित्र उलटं आहे, मुलांकडे स्वतःचे टॅब आहेत आणि आईवडील वाचणारे आहेत, पण घरी नाहीत. इथे धोका खेळातून येतो. फ्री फायर मॅक्स, रोब्लॉक्स यांत खेळता खेळता अनोळखी माणसाशी गप्पा होतात. तो माणूस आधी खेळात मदत करतो, मग पात्राचा नवा पोशाख भेट देतो, मग म्हणतो दुसऱ्या ॲपवर ये, आणि मग फोटो मागतो. तोवर मुलाच्या लेखी तो 'अनोळखी' राहिलेलाच नसतो. म्हणून 'अनोळखी माणसाशी बोलू नका' हे वाक्य मी सोडून दिलं. त्याऐवजी विचारते : हा माणूस तुझ्या आईला माहीत आहे का? कुणी 'घरी सांगू नको' म्हटलंय का? 'सांगू नको' म्हणणारा माणूस हीच ओळखायची खूण.

अपराधी भावना इकडेही तीच. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामला तेरा वर्षांची अट आहे, मुलांनी जन्मसाल खोटं टाकलेलं असतं, बऱ्याचदा पालकांनीच टाकून दिलेलं. काही झालं की मुलाला वाटतं आधी आपलं खोटं पकडलं जाईल. ऑस्ट्रेलियात डिसेंबरपासून सोळा वर्षांखाली समाजमाध्यमांवर बंदी आलीय, आमच्या शिक्षक-खोलीत त्यावर रोज वाद होतो. माझं म्हणणं एवढंच की बंदी असो वा नसो, चोरून वापरणाऱ्या मुलालाही सांगायला जागा हवी.

असरच्याच अहवालात १४ ते १६ वयाच्या, समाजमाध्यम वापरणाऱ्या मुलांपैकी कुणाला ब्लॉक कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं, प्रोफाइल खासगी कसं करायचं ते ५५ टक्क्यांना. उरलेल्यांना चौथीत कुणी शिकवलं असतं तर?

---

बोरनहाण | १५ जानेवारी, सकाळी ९.२५

मी आजी आहे, वय अडुसष्ट. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला नातवानं सांगितलं, बँकेनं नाही. त्याआधी भाजीवाल्याकडून सुटे परत घेताना मी पिन टाकायला निघाले होते. लेकरं शिकवतात, आम्ही शिकतो. लाज कसली?

---

साधा_विचार | १५ जानेवारी, दुपारी ३.१०

काल मुलीला सहज विचारलं, फोनवर काही विचित्र दिसलं तर कुणाला सांगशील? ती म्हणाली, "पण मी फोन बघते हे तुम्हाला माहीत नाहीये ना." शेजारच्या मैत्रिणीकडे बघते. प्राथमिकला संगणकाचा तास नको या मतावर मी अजून आहे. पण तुमच्या तीन गोष्टी घरी शिकवायला घेतल्या आहेत, तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात केली.

---

उंबरठा | १५ जानेवारी, रात्री १०.१५

डोंगरवाट सर, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. पालकसभा म्हटलं की आया येत नाहीत, कारण सभेत पुरुष बोलतात आणि गुरुजी पोरांच्या चुका सांगतात असा अनुभव. रथसप्तमी २५ तारखेला आहे. त्याआधी शाळेत हळदीकुंकू ठेवा, बाईंच्या नावानं. सगळ्या जणी येतील. विधवा बायकांना आणि आज्यांना मुद्दाम बोलवा, त्यांच्या हातातही फोन आहे आणि त्यांना कुणी बोलवत नाही. भाषण ठेवू नका. शिकवायचं ते मुलांना शिकवू द्या, आपलं पोर शिकवतंय म्हटल्यावर आई ऐकते. वाण म्हणून १९३० लिहिलेलं काहीतरी द्या, फोनच्या मागे चिकटेल असं.

---

डोंगरवाट | १६ जानेवारी, सकाळी ६.५०

ताई, हे आधी का सुचलं नाही! शनिवार २४ तारीख ठरली. बाईंनी आत्ताच तिळगुळाची यादी केली.

---

डोंगरवाट | २४ जानेवारी, रात्री ९.४५

आजचं लिहून टाकतो, सगळे विचारताय.

एकतीस बायका आल्या. शाळेच्या इतिहासात एवढ्या कधी आल्या नसतील. त्यांत सात आज्या. बाईंनी सगळ्यांना सारखंच वाण दिलं, तिळगुळाबरोबर एक पांढरी चिठ्ठी, तिच्यावर मुलांनी इनस्क्रिप्टवर टाइप केलेलं '१९३०' आणि खाली 'रागावू नका, ऐका'. ही ओळ चौथीच्या मुलांनी स्वतः ठरवली, मी फक्त प्रिंट काढून आणली.

मुलांनी पट्ट्यांच्या चार टोपल्या मांडल्या आणि आयांना खेळायला बसवलं. पहिल्यांदा सगळ्या हसत होत्या. 'लग्नपत्रिका एपीके' ही पट्टी दोघींनी कागदाच्या टोपलीत टाकली. तेव्हा नोव्हेंबरातली ती मुलगी उठली, पट्टी उचलली आणि म्हणाली, "ही आमच्या घरी आली होती." सगळं शांत झालं. गावात कुणाला माहीत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, पत्रिका कशी आली, हो-हो कसं दाबलं, किती पैसे गेले, आपण दोन दिवस का नाही सांगितलं. तिची आई मागे भिंतीला टेकून बसली होती. ती पुढे आली, पोरीच्या शेजारी बसली, आणि टोपलीतली पुढची पट्टी उचलून तिच्याकडे धरली, "ही वाच बरं, मला शिकव."

नंतर तासभर बायका आपापले फोन काढून पोरांना दाखवत होत्या. चार फोनांत व्हॉट्सॲपची ती परवानगी चालू निघाली, खाकी काकांनी सांगितलं तशी बंद केली. एका आजीच्या फोनमध्ये 'लाइट बिल' नावाची फाइल तीन दिवसांपासून पडून होती. नातू बाहेरगावी होता म्हणून उघडायची राहिली होती. दुसरीतल्या एका पोरानं, ज्याला मी अजून शेपूट शिकवलेलंही नाही, फोन हातात घेऊन शेवटची तीन अक्षरं बोटानं एकेक करून वाचली. आजी म्हणाली, "मग काय करू?" तो म्हणाला, "आधी सरांना दाखव."

पट्ट्यांचे फोटो उद्या टाकतो, ज्यांना करून घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी. आज्यांना बारीक अक्षर दिसलं नाही, पुढच्या खेपेला मोठं लिहायला हवं.